ताडाखालचा एकच आवाज

डहाणू रोडच्या स्टँडवर तलासरीच्या एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक आई आणि तिची अकरावीतली मुलगी बोलत होत्या.

"आई, सर सांगतात, एक दगड नुसता सोडला आणि त्याच वेळी दुसरा आडवा फेकला, तर दोन्ही एकदमच खाली पडतात. लांब जाणाऱ्याला जास्त वेळ लागणारच ना?"

"नाही लागत."

"तुला काय माहीत?"

"तुझा बाबा होता तेव्हा ताडावर चढायचा. शेवटची दोन फळं हातात ठेवायचा. एक बुंध्याशी सोडायचा, दुसरं त्याच वेळी माझ्याकडे आडवं लांब फेकायचा. मी भीतीनं डोळे मिटून घ्यायची. धप्प! एकच आवाज."

"दोन फळांचा एकच?"

"दर वेळी. मला वाटायचं, त्याच्या हातातच काहीतरी आहे."

"हातात नाही गं. उंची सारखी असली की कोणीही टाकू दे, दोन्ही एकदमच पडणार."

"कोणीही?"

"कोणीही."

"मग तू टाकलीस तरी तोच आवाज येईल?"

"येणारच."

"घरी गेल्यावर शिडी लाव. दोन नारळ घेऊन तूच चढ. मी खाली डोळे मिटून उभी राहते."