रानबोकडांचं पाणी

"७ ऑगस्ट, गुरुवार. कोरडा वारा, ढग नाही. रबीअच्या कुंडावर रानबोकडांच्या ताज्या लेंड्या" — बघा उस्ताद, वही खोटं बोलत नाही. माझ्याच हातची आहे, शाळेत कुणी घातलं नव्हतं, अक्षरं आपली आपण शिकलो. आता तुमच्या नकाशावर लिहा. रानबोकड पितात ते पाणी राखीव, तिथं कळपांना बंदी — असाच नियम ना तुमच्या अभयारण्याच्या कचेरीचा? मग लिहा की. साखर घ्या अजून.

रबीअशी वैर? छे, चुलतभाऊ आहे तो माझा. म्हणजे — सांगतोच. सिनाईच्या या डोंगरात पाणी कुणी कुणाला नाकारत नाही. प्या, जनावरं पाजा, फक्त निघताना कुंडावरचा झाकणधोंडा परत सरकवा. एवढंच. आजोबांच्या आजोबांपासून एवढंच. गेल्या उन्हाळ्यात या रबीअनं माझ्या कुंडावर शेळ्या पाजल्या आणि कुंड उघडं टाकून गेला. गाढव पडलं आत, चार दिवस सडत होतं. माझ्या अकरा शेळ्या मेल्या ते पाणी पिऊन. पंचांपुढं उभा केला, तर म्हणतो कसा, "विसरलो रे अवद, म्हातारा झालो." सगळे हसले. पंचसुद्धा. तेव्हाच ठरवलं — तुझंही पाणी तोडतो, धोंड्यानं नाही, कागदानं.

म्हणजे, कागदावर खरं तेच यावं, एवढंच म्हणायचं होतं.

हो, चाळा की पानं, लपवायचंय काय, वर्षभराची हवा आहे नुसती — मागचं? ते राहू द्या. सहा तारखेला विशेष नाही, ऊनच. अहो, मोठ्यानं कशाला वाचता, अक्षर माझंच आहे. "संध्याकाळी माझ्या कुंडावरून लेंड्या गोळा केल्या, अर्धी पिशवी." हो. अर्धी पिशवी. खोड वाईट — केलं की लिहितो. पण लेंड्या खऱ्याच ना, रानबोकडांच्याच? सात येतात माझ्याकडं, पहाटे, त्यातलं एक पिल्लू लंगडं — तेही लिहिलंय, जूनपासून रोज.

पेन का उघडलं? थांबा, नकाशावरचा तो ठिपका रबीअचा नव्हे, तो माझा.

वही द्या इकडं. चहा संपलाय, वाट उताराची आहे, निघा आता. काय लिहिलंत तेवढं दाखवा.

"रबीअचं कुंड: कळपांना खुलं. अवदचं कुंड: रानबोकडांसाठी राखीव, कळपांना बंद."