जोडीचा चहा

— नाही म्हणलं न, धोंडबा! एकदा म्हणलं, दोनदा म्हणलं, आता काय ढोल वाजवून सांगू? कलकत्त्याची लाईन जोडीची आहे. दोन ड्रायव्हर, एक गाडी. तू एकटा. एकट्याले कोराडी — खाणीतून कोळसा उचल, पावर हाऊसले टाक, दिवसाच्या तीन खेपा, संध्याकाळी घरी. बायकोच्या हातचं गरम जेव. वाईट आहे का? लाईनवरचे लोक तरसतात त्याच्यासाठी! अन् हे काय आणलं — डॉक्टरची चिठ्ठी? हातात नको देऊ, टेबलावर ठेव. ठेव म्हणलं न. वाचतो… "छाती खराब, कोळशाच्या धुळीपासून दूर राहावे." वा रे वा! म्हणजे आता डॉक्टर ठरवणार आपल्या ट्रान्सपोर्टमधी कोण कोणत्या गाडीवर बसन? मग मी बारा वर्षांपासून या खुर्चीवर कशाले बसून राहिलो? माशा माराले? खोकून दाखवू नको. खोकला मलेही आहे. साऱ्या गांधीबागेले आहे!

तुले लाईन समजते का? संत्र्याची गाडी थांबत नाही गा. थांबली की माल बसला. म्हणून जोडी. एक चालवते, दुसरा मागच्या फळीवर झोपते, एका गोधडीत, पाळीपाळीनं. रस्त्यात एकच स्टोव्ह, भात शिजवाले एकच गंज, एकाच छागलीचं पाणी. असे पाच दिवस. आता तूच सांग, तुझ्यासंग कोण बसन? मी नाही म्हणत — लोक म्हणतात. माझं काय जाते? छप्पन साली तुम्ही साऱ्यायनं धर्म बदलला, मी एक शब्द बोललो? कोण्या देवाले मानायचं, नाही मानायचं, ज्याचं त्याचं. पण ड्रायव्हर लोकायचं मन मले सांभाळावं लागते… कोण म्हणलं? नाव पाहिजे तुले? देवराव म्हणे — नाही, देवराव तसं नाही म्हणला. देवराव हसला. पण हसला म्हणजे त्याचा मतलब समजते माणसाले! नत्थू — नत्थूले मी विचारलंच नाही. विचारायची गरज काय? कोणी तोंडावर म्हणत नसते, धोंडबा. मुन्शीले समजून घ्यावं लागते.

अन् जोडी म्हणजे काही वहीत दोन नावं लिहिली अन् झालं, असं नाही. या ऑफिसची रीत आहे, बापूजी शेठनं घालून दिलेली. नवी जोडी या बाकावर माझ्यासमोर बसते अन् एक चहा दोघं पितात — एकजण कपातून, एकजण बशीतून. चहा झाला की जोडी पक्की. मग रस्त्यात डोकी फुटली तरी एकमेकाले सोडून कोणी घरी येत नाही. तो चहा माझ्या घरून येते. चारुशीला पाठवते, माझी बायको. किटली घरची, कप घरचे — पांढरे, निळ्या काठाचे, तिच्या माहेरून आलेले सहा. पिऊन झाले की परत जातात, धुतले की आमच्या सैपाकघरात, देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर… असा काय पाहून राहिला? मी काय म्हणलो? कप बाटते म्हणलो का मी? तिचं आहे ते. बाईमाणूस, सोवळंओवळं मानते, तिले कोण समजावन? मी तिले विचारलं नाही अजून, पण मले माहीत आहे न! अन् मी तुले चहा देत नाही का? खिडकीत तुझ्यासाठी काचेचा गिलास ठेवला आहे. गरम देतो, साखर घालून देतो! दुसऱ्या कोणाले या ऑफिसात स्वतःचा गिलास आहे का? सांग. आहे का?

आता तोंड फिरवू नको. आज तशी जागाही नाही. नत्थू पोरीच्या लग्नाले गेला, त्याच्या जोडीचा बळीराम सकाळीच गाडी घेऊन निघाला. — एकटा काहून जाईन? गाडीच्या चिठ्ठीवर दोन नावं आहेत. बळीराम अन् नत्थू… हो, नत्थू लग्नात आहे, आत्ता मीच म्हणलो, बहिरा नाही मी! नाव तर आहे न. नाक्यावर नाव पाहतात, तोंड कोण मोजते? चारशे पेट्या संत्रं सडू देऊ का? एकदा एकटा गेला तर मरते का माणूस? झोप आली की बाजूले लावन, तोंडावर पाणी मारन. पण त्याले मस्ती आली. सकाळी इथं टेबलावर हात आपटून मले म्हणते, मुन्शीजी, सीट खाली आहे, धोंडबाले बसवा! मले! म्हणलं, तो नाही म्हणते. — हो, म्हणलो! म्हणलो, त्याले एकट्यानंच चालवणं आवडते, कोणाच्या संग जमत नाही त्याचं. तर म्हणे मी स्वतः विचारतो. म्हणलं, तो कोराडीले गेला, तू निघ. तर काय म्हणावं त्यानं? म्हणे, मी भंडाऱ्याच्या नाक्याजवळ ढाब्यावर गाडी लावतो. धोंडबाले बसनं पाठवा. तो आल्याबिगर चाक हालणार नाही, माल सडला तर तुमच्या नावावर. बसला असन तिथं, येड्यावानी रस्त्याकडे पाहत. बसू दे! पोटात कावळे ओरडले की निघन मुकाट्यानं.

…काय झालं? उठला काहून? मी काही म्हणलो नाही. अन् ही किल्ली इथं कशाले ठेवून राहिला? कोराडीच्या गाडीची आहे ती, उचल. दोन खेपा बाकी आहेत तुझ्या. उचल म्हणतो न! — धोंडबा, चिठ्ठीवर तुझं नाव नाही, नाक्यावर खाली उतरवतील तुले. मी लिहून देणार नाही, आधीच सांगून ठेवतो. नाही देणार!… अगा, ऐकून तर घे. बस जरा. पाच मिनिटं बस, कोपऱ्यावरून चहा मागवतो, आपण दोघं — धोंडबा! दुपारी पावर हाऊसचा माणूस फोन करन, बापूजी शेठ वर बसले आहेत, मी त्यायले काय सांगू? अगा ए! कोराडीले कोण जाईन आता?

…धोंडबा?