काचेला तीट

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, बाया हो, रातभर जागवून माझी प्रांजली आत्ता कुठं झोपली होती आणि खिडकीवर धाडकन आवाज झाला, मला वाटलं कुणी दगड मारला, पळत जाऊन बघते तर बाहेर ओट्यावर पारव्यासारखा होला पडलेला, मान टाकून... आता यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा.

बजाजनगरात घर बांधलं तर आमच्या ह्यांना आरशासारखी काच पाहिजे, ऊन आत येत नाय म्हणे. ऊन येतंच. पण समोरचा लिंब त्या काचेत असा दिसतो की पाखरू तिथंच बसायला निघतं. त्यात दुष्काळाचं साल, गल्लीत हिरवं म्हणावं तर तो एक लिंब, खाली मी ठेवलेलं पाण्याचं परळ, मग सगळी पाखरं आमच्याच दारात... होला झाला, बुलबुल झाला, साळुंकी झाली.

कोपऱ्यावरच्या जहांगीरभाईंची मुबश्शिरा कॉलेजात पाखरांचंच शिकती. ती म्हणाली, भाभी, काचेला धडकलेल्या पाखरांची खबर गावोगावची साधी माणसं अभ्यास करणाऱ्यांना पाठवतात, तुम्ही बी पाठवा. फोटो काढायचा, शेजारी काडेपेटी ठेवायची, म्हंजी पाखरू केवढं ते कळतं. आणि काही पडलं नाय तर ‘काही पडलं नाय’ हे सुद्धा कळवायचं. मी रोज कळवायला लागले. माहेरी बी एवढी खुशाली कधी कळवली नाय.

ते आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, बघितलं. आता दिवस उगवायला सून दारात उकिडवी बसलीय, पुढं मेलेलं पाखरू, शेजारी काडेपेटी, कोणत्या सासूला हा अभ्यास वाटंल? मला विचारलंच नाय, शेजारच्या कडूबाईला विचारलं. कडूबाई म्हणाली, घराला दृष्ट लागलीय. झालं. आत्याबाई पिशवी घेऊनच आल्या.

“दिपाली, लेकराला घेऊन गावाकडं चल. पुढचा नंबर कुणाचा, सांगता येतंय का?”

गाव सिल्लोडच्या पुढं. तिथं टँकर येईल तवा येतो, लेकरू दहा महिन्यांचं, पाणी बाधलं तर रात्री दवाखाना कुठं शोधू? पिशवी भरली, रडले, परत रिकामी केली, परत भरली... यात माझी काय चूक?

तेवढ्यात मुबश्शिरा आली. तिनं काच, झाड, उजेड सगळं समजावलं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकलं आणि पिशवीची चेन लावली. जाता जाता मुबश्शिरा म्हणाली, “दादी, इलाज आसान है. काच को बाहर से टिपके लगाव.”

आत्याबाई थांबल्या. “काळे?”

“कैसे बी चलते. पण एक नक्को, पूरी काच पे, दो-दो बोटां पे.”

“तीटच की मग. आधी नाय का सांगायचं?”

पदर खोचून स्वतः स्टुलावर चढल्या. काजळाची डबी संपली, तवा ह्यांचा काळा ऑइलपेंट घेतला. पिशवी मी गुपचूप माळ्यावर टाकली.

आता काचेला कांजिण्या आल्यासारखं दिसतं. पाखरं धडकायची जवळजवळ थांबली. गल्लीतल्या बाया तीट कशी लावायची ते आत्याबाईंना विचारतात, मुबश्शिराला कुणी विचारत नाय. कडूबाईनं तर साध्या भिंतीला लावली.

असू द्या. तुमच्या ओळखीत कुणाची आरशासारखी काच असंल तर सांगा त्यांना: टिपके बाहेरून, दोन-दोन बोटांवर, काचभर. का म्हणून विचारलं तर दृष्ट म्हणा. उजेडाचं समजावत बसाल, तोवर एखादं पाखरू जाईल.