लियामचे मामा

अगं, माझा कॅनडाचा व्हिसा एका मामापायी अडकणार होता! माझा कॅनेडियन नवरा लियाम लग्नाला अमळनेरला एकटाच आला. मंगलाष्टकांना नवरदेवामागे मामा लागतोच, म्हणून शेजारचे नाना उभे राहिले. पुढे व्हिसाच्या मुलाखतीत, व्हिडिओ कॉलवर, साहेबांनी लग्नाचा फोटो दाखवला.

"नवऱ्यामागे कोण?"

"त्याचे मामा," मी बोलून गेले.

"त्याने तर अर्जात लिहिलंय, आईला भाऊच नाही!"

मी सगळा प्रकार सांगितला.

"म्हणजे तेवढ्यापुरते मामा?"

नाना शेजारीच बसलेले. मी त्यांना इंग्रजी प्रश्नाचा अर्थ सांगताच ते स्क्रीनसमोर येऊन अहिराणीत कडाडले, "तेवढ्यापुरता कसा? भाचा शे तो मना!"

"माझा भाचा आहे तो, म्हणतात," असं मी इंग्रजीत सांगताच साहेब हसले. महिन्याभरात व्हिसा आला.

दुसऱ्या दिवशी नाना नवाकोरा पासपोर्ट घेऊन दारात.

"आते मामाना व्हिसा कधी?"