काकाचं 'स्टॉप्ड टू स्मोक'

कॉलेज सोडलं म्हणून आमच्या बेला गावात मला सगळ्यात जास्त अक्कल शिकवतो तो माझा काका. आणि हाच माणूस काकूच्या गळ्याची शपथ घेऊन सांगायचा, बिडी सोडली म्हणून.

परवा माझ्या बहिणीच्या, वर्षाच्या, इंग्रजी पेपरात एक मार्क कापलेला दिसला. काका गरजला, "गाढवे, 'माय अंकल स्टॉप्ड टू स्मोक' काऊन लिवलं? मी बिडी सोडली नं? मंग 'स्टॉप्ड स्मोकिंग' पायजे!"

"पन काका, 'टू स्मोक' म्हंजे बिडी प्यायला थांबले," वर्षा म्हणाली. "तुमी जैनथच्या रस्त्यावर गाडी थांबवून पीत होते. मी बसमधून पाह्यलं."

काकाचं तोंड पाहून माझा जीव गार झाला.

काकू आतून आली. "उत्तर बरोबर हाय पोरीचं. आता खिसा दाखवा."