तांबकड्याचा चकवा

ऐका. त्या डोक्यावरच्या बॅटऱ्या आधी बंद करा, चुलीचा उजेड पुरे आहे. मघापासून तुम्ही पाचही जण नकाशावर बोट ठेवून तांबकड्याची वाट, तांबकड्याची वाट करताय. भाकऱ्या थापताना सगळं ऐकलंय मी. ऐकणारच, माझं घर, माझे कान. आता तुम्ही माझं ऐका. मग जायचं तर जा.

तीन वर्षं झाली. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. शनिवारची संध्याकाळ, आणि या इथं अंगणात एक मुलगी उभी. एकटी! पाठीवर ही एवढी सॅक, हातात काठी, तोंड उन्हानं रापलेलं.

"काकू, पाणी मिळेल का?"

पाणी दिलं आणि विचारायला बसले. मला विचारल्याशिवाय राहवत नाही हो. आमची शेजारीण हौसाबाई म्हणते, मंदाच्या दारावरून कुत्रं गेलं तरी ती त्याचं गाव विचारते. म्हणू दे.

नाव ऊर्मिला गोसावी. कोल्हापूरकडची. दवाखान्यात नर्स. वय एकतीस, लग्न नाही. का नाही, तेही विचारलं, तिनं हसण्यावारी नेलं. घाटमाथ्यानं चौदा दिवसांची पायपीट करायला निघालेली. एक पाऊलसुद्धा गाडीनं जायचं नाही, असं ठरवून!

"अगं, पण यात मिळतं काय?" मी म्हटलं.

"काकू, वॉर्डात दिवसभर कुणी ना कुणी हाका मारत असतं. इथं दोन-दोन दिवस कुणी हाक मारत नाही. परवा पहाटे डोळे उघडले तर खाली सगळे ढग. डोंगरांची नुसती टोकं वर आलेली. एकटीच बघत बसले. रडूच आलं मला."

मला काही ते कळलं नाही. पण सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

आता अडचण ऐका. मध्ये पाय मुरगळला म्हणून तिचा एक दिवस गेलेला. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं. आणि तिची चाल संपणार होती वर देवमाळावर, तिथल्या देवळाशी. नेहमीच्या गायवाटेनं रविवारचा अख्खा दिवस मोडतो, मग वरून खाली जाणारी शेवटची एसटी चुकते. तेरा दिवस चालून शेवटचा तुकडा सोडायचा? पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि मी बोलून गेले! "तांबकड्यावरून गेलीस तर उजाडायच्या आत वर पोचशील."

कुंपणापलीकडून हौसाबाई ओरडली, "मंदे, जीभ आवर! रात्रीचा चकवा आहे तिथं."

चकवा माहीत नाही तुम्हाला? चकवा हात लावत नाही, गळा धरत नाही. माणसाला नुसता चालवतो. गोल गोल, गोल गोल, आणि शेवटी कड्यावर नेऊन सोडतो.

मी तिचे हात धरले. जाऊ नको म्हटलं. ती कसली ऐकते! तिनं बुटाच्या नाड्याच आवळल्या. तेव्हा म्हटलं, "बरं, निदान एवढं कर. वाट हरवल्यासारखी वाटली की पायातलं काढायचं, उलटं ठेवायचं आणि बसायचं. उजाडेपर्यंत हलायचं नाही."

"बसले तर पोचणार कशी, काकू?" म्हणाली, आणि साडेसातला अंधारात चालती झाली.

पहिला तासभर झकास गेला. टिपूर चांदणं, पायाखाली सरळ वाट. एका वाकड्या हिरडीच्या झाडाला तिनं खूण म्हणून लाल फीत बांधली. चढ लागला, चढली. दमली, पाणी प्याली, परत चढली. आणि समोर काय? वाकडी हिरडी! फांदीला लाल फीत!

चुकले असेन, म्हणाली. दात-ओठ खाऊन परत चढली. तासाभरानं परत हिरडी. परत फीत! हातातलं घड्याळ सांगतंय नऊ किलोमीटर झाले, आणि मोबाइलच्या नकाशातला निळा ठिपका जागचा हललेला नाही.

बसायला हवं होतं. तिला आठवलंही. पण मनात सोमवार! उठली, तिसऱ्यांदा चढली.

मग गुरांच्या घंटा वाजायला लागल्या. डावीकडून. थोड्या वेळानं उजवीकडून. मग अगदी कानाशी! जनावर एकही नाही. डोक्यावरची बॅटरी फडफडली आणि विझली.

तेवढ्यात वरून कंदील हलत आला. कोण असेल? मी!

हसू नका. हेच लुगडं, हाच अंबाडा, हाच आवाज. "चल पोरी, वाट चुकलीस. माझ्यामागं चल."

तिला किती बरं वाटलं असेल! काकू आपल्यासाठी रात्रीची डोंगर चढून आली! निघाली की मागोमाग. मी इथं घोंगडीत घोरतेय, माझा कंदील काच फुटून खुंटीला लटकतोय, आणि तिकडं मी पुढं, ती मागं.

चालताना ती म्हणाली, "काकू, पायाला फोड आलाय."

"चल, पुढं चल."

"काकू, मघाशी आईचा फोन येऊन गेला."

"चल, पुढं चल."

पोरीला कसंतरीच वाटलं. संध्याकाळी या बाईनं माझा पगार विचारला, भावकी विचारली, सॅकेतल्या डब्यात काय आहे ते विचारलं. आणि आता आईचा फोन आला म्हटलं, तर आई काय म्हणाली हे विचारत नाही?

हुशार हो पोरगी. आवाज सरळ ठेवून म्हणाली, "काकू, तुम्हाला खरं सांगू? माझं लग्न ठरलंय. अजून घरीसुद्धा कुणाला माहीत नाही."

मला सांगा, मी असते तर? कंदील टाकून खाली बसले असते! मुलगा कोण, कुठला, करतो काय!

पुढची बाई वळलीसुद्धा नाही. "चल, पुढं चल."

ऊर्मिला थांबली. होती तिथं थांबली. दोन पावलं मागं सरकली, बूट काढले, उलटे ठेवले, एका दगडाला पाठ लावली आणि बसली.

मग सुरू झालं! आधी माझ्या आवाजात लाडीगोडी. मग आईच्या आवाजात रडणं. मग वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या हाका, "सिस्टर, पाणी! सिस्टर, पाणी!" ती हलली नाही. शेवटी तिच्या स्वतःच्याच आवाजात, कानाशी, "तेरा दिवस चाललीस. एवढ्यासाठी हरणार? ऊठ!" त्याला ती सगळ्यात जास्त घाबरली. ते ऐकून उठावंसंच वाटलं म्हणे. तिनं दगडाची कड दोन्ही हातांनी धरली. नखं तुटली. पण बसून राहिली. चालणाऱ्या माणसाला बसणं किती अवघड असतं, ते तुम्हालाच ठाऊक.

उजाडलं. उलट्या बुटांपुढं एक हात जमीन. त्यापुढं काही नाही. खाली नुसते ढग, आणि डोंगरांची टोकं वर.

सकाळी नऊला अंगणात आली, अनवाणी, बूट हातात. ते पाय, ते हात बघून माझी वाचाच बसली. मी नुसती बघत राहिले. तर ती पांढरीफटक पडली, मागं मागं सरकायला लागली आणि किंचाळली, "काकू, काहीतरी विचारा ना! काहीतरी विचारा!"

"अगं, पायाला काय झालं? रात्रभर होतीस कुठं? चहा तरी घेतलास का?" असं एका दमात विचारलं, तेव्हा कुठं माझ्या गळ्यात पडून रडली. मग या चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. लग्नाचं खोटंच होतं. मी चारदा विचारून खात्री करून घेतली.

आणि तिनं चाल सोडली नाही बरं! तो दिवस माझ्याकडं झोपून काढला, कामावर फोन केला, बोलणी खाल्ली. सोमवारी गायवाटेनं चढून देवमाळ गाठला. देवळाच्या पायरीवरचा तिचा फोटो तो बघा, फडताळाला लावलाय.

म्हणून सांगते. गायवाटेनं जा, उजाडल्यावर जा, एक दिवस जास्त लागू दे. त्या वाटेला जाऊच नका. आणि हट्टानं गेलातच, आणि अंधारात कंदील घेऊन मी भेटले, आणि मी तुम्हाला काहीच विचारलं नाही, तर बूट काढा आणि तिथंच बसा.

बरं, आता सांगा. ही कोपऱ्यातली मुलगी जेवली का नाही? घरी काय सांगून निघालीस गं?