मुक्याची आय मरत नाय

माझं गाव मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीच्या अलीकडं. बापूस बोटीवर खलाशी होता, आजा पण बोटीवरच, आमच्याकडं पोरगा मिशी फुटायच्या आत दर्यापलीकडं जाणार हे ठरलेलंच, जवान माणूस दोन महिने घरी दिसला तर लोक विचारायचे, काय रे, बरा नाय का. मी वेल्डिंग शिकलो, मुंबईला एजंटाकडं टेस्ट दिली आणि बहरीनला गेलो. कुवेतची लढाई संपून थोडे दिवस झाले होते तेवा. तुमी लिहून घेताय ते घ्या, पण मी बोलतो तसंच लिवा, यूसुफनं असं शुद्ध भाषण केलं असं नको, गावातले हसतील.

आमची राहायची खोली मआमीरला होती, सित्राच्या कारखान्यांना लागून. तिथं हवेलाच तेलाचा वास, नवा माणूस पहिल्या दिवशी नाक धरायचा आणि महिन्याभरानं त्याला विचारलं तर बोलायचा, वास, कसला वास. खोलीत आमी सगळे रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान, आणि आमच्यात थोरले दाऊदचाचा, गुहागरकडचे, यार्डात पाइपांना रंग मारायचे. हाताला रंग असायचाच, जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीला, कितीही घासले तरी नखात राहायचा. जेवणाला मीठ कमी पडलं तर भांडायचे आणि कोणाला ताप आला तर रात्रभर उशाला बसायचे, असा माणूस.

पलीकडच्या खोलीत फिलिपिन्सचे लोक. त्यात बेन म्हणून फिटर, माझ्याच जोडीला काम करायचा, तो पाइप जुळवायचा आणि मी वेल्डिंग मारायचो. त्यांच्याकडं टीव्ही होता आणि व्हीसीआर होता, आमच्याकडं नुसता टेपरेकॉर्डर. जुम्म्याची नमाज झाली, बिर्याणी झाली, की आमी बिर्याणीचं एक ताट घेऊन त्यांच्या खोलीत जायचो आणि ते आमाला पिक्चर दाखवायचे.

पिक्चर त्यांच्या मुलखातले, मारामारीचे, आणि हिरो एकच. नाव नाय सांगत, मोठा माणूस आहे, आमी त्याला मुका बोलायचो. कारण काय, तो पिक्चरभर बोलायचाच नाय. पयला तास नुसता मार खायचा. गुंड यायचे, ढकलायचे, तोंडावर थुंकायचे, हा खाली मान घालून चालला. आमचे लोक ओरडायचे, अरे मार की, मार की त्याला. पण काय सांगू तुमाला, त्याची आय मेल्याशिवाय त्याला राग यायचाच नाय. प्रत्येक पिक्चरात आय मरायची, मुका तिचं डोकं मांडीवर घ्यायचा, ती शेवटचं काय तरी बोलायची, मग तो उठायचा आणि मग असा मारायचा की खोलीतल्या खाटा हलायच्या.

आता त्यांची भाषा आमाला कुठली कळते. बेन मला सांगायचा, थोडं हिंदी थोडं इंग्लिश, आणि मी आमच्या लोकांना आमच्या बोलीत सांगायचो. खोलीत तेच माझं काम, बाकी चहा-भांडी मला माफ. मी नुसतं सांगायचो नाय, रंगवायचो. बेन दोन शब्द बोलायचा आणि मी दहा, बेन बघत राहायचा की मी एवढं कुठं बोललो.

पयल्या पिक्चरला मी खरं तेच सांगितलं, आय मेली. दाऊदचाचा उठून बाहेर गेले, पाण्याच्या कुलरजवळ बसून राहिले, रात्री जेवले पण नाय. त्यांची आयस गावाला अंथरुणावर होती. मग आमच्या खोलीनं ठरवलं, बेनला पण सांगितलं, की ह्यापुढं मुक्याची आय मरत नाय. मी बोलायचो, बेहोश झाली, दवाखान्यात नेताहेत. आणि मय्यतीचा सीन आला की बेन लगेच रिमोट घेऊन कॅसेट पुढं पळवायचा, बोलायचा टेप खराब आहे. एकदा पळवता पळवता पेटी दिसलीच, त्यांच्यात पेटीत घालून नेतात ना, आजूबाजूला मेणबत्त्या. चाचा बोलले, तो खोका कसला रे. मी बोललो, दारूगोळा आहे चाचा, आता बघा गंमत. सगळे तोंड दाबून हसले.

पण त्याचं झालं उलटंच. आमच्या कंपनीत एक होतं, दोन वर्षांनी रजा मिळायची, आणि ज्याला गावाला जायचं नसेल त्यानं रजेच्या बदली पैसे घ्यायचे आणि कामावर राहायचं. सगळे कधी ना कधी घ्यायचे, पण चाचा प्रत्येक वेळेला. एकदा घराच्या स्लॅबला, एकदा मुलीच्या लग्नाला, काय ना काय निघायचंच. गावावरून येणारा प्रत्येक माणूस निरोप आणायचा, आयस आठवण काढते, दार वाजलं की दाऊद आला का विचारते. आमी बोलायचो चाचा जाऊन या. तर चाचा हसायचे, बोलायचे, जातो रे, पुढच्या टायमाला नक्की, मुक्याची आय नाय का वाट बघत, दर जुम्म्याला बेहोश होते आणि पुढच्या जुम्म्याला परत उभी. इंशाल्ला माझी पण थांबेल. आमची दवा आमाला भारी पडली.

अशात बेन एक दिवस यार्डात नाचत आला. मुका निवडणुकीला उभा राहिलेला, आणि निवडून आला. आमच्या खोलीत खजूर वाटले, खोटं नाय बोलत. आमी गल्फला गेल्यापासून आमच्या ग्रामपंचायतीला पण मत दिलेलं नाय आणि आनंद कसला, तर फिलिपिन्सचा मुका जिंकला ह्याचा. वर्षभरानं तो बहरीनला आला, आपल्या मुलखातल्या कामगारांना भेटायला. ईसा टाउनजवळ एका हॉलात जुम्म्याच्या दुपारी सभा. बेननं आमाला पण नेलं. जनाबियाच्या बंगल्यांमधे घरकाम करणाऱ्या त्यांच्या बाया नटूनथटून आल्या होत्या. आणि दाऊदचाचा, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, अत्तर लावून माझ्या बाजूला.

मुका आला. अहो, केवढासा माणूस. पिक्चरमधे दारं मोडायचा, इथं खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला. भाषण केलं, लोकांनी पगाराचं विचारलं, पासपोर्टचं विचारलं, तो बोलला बघतो, करतो, पुढारी बोलतात तसंच. आमचे लोक नाराज झाले, हा तर बोलतोय, मारत कोणाला नाय. तेवढ्यात बघतो तर चाचांचा हात वर. मी खाली ओढला तर परत वर. माइक आला, चाचा उभे राहिले आणि हिंदीतून विचारलं, साहेब, आपकी अम्मा कैसी हैं.

बेन माझ्याकडं बघायला लागला. मग त्यानं त्यांच्या भाषेत विचारलं आणि सगळा हॉल हसला, कारण त्यांच्यात पोराटोरांना माहीत, ह्याची आय प्रत्येक पिक्चरात मरते. मुका तेवढा हसला नाय. मान खाली घातली, अगदी पिक्चरमधल्यासारखी, आणि मग हळूहळू बोलायला लागला. एक बाई रुमाल डोळ्याला लावून बसली.

बेन माझ्या कानाशी सांगत होता. ह्याची खरी आय निवडणुकीच्या टायमाला गेली. हा ट्रकवर उभा राहून गावोगाव फिरत होता, लोक हार घालत होते, घरून सांगावा आला, आय बोलावते. हा बोलला एवढी एक सभा करून येतो. मग आणखी एक सभा. पोचला तेवा पेटी बंद झालेली. तो बोलला, पिक्चरमधे डायरेक्टर मला दरवेळेला टायमावर पोचवायचा, डोकं मांडीवर द्यायचा. घरी डायरेक्टर नव्हता.

चाचांनी माझा दंड धरला. काय बोलतो रे तो, काय बोलतो. बेन माझ्याकडं बघतोय, मी बेनकडं. त्या दिवशी बेनच्या हातात रिमोट नव्हता. मी जे होतं ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, काय रंगवलं नाय.

चाचा खाली बसले. टोपी काढून हातात घेतली, बोलले, म्हणजे पिक्चरमधे पण मरायचीच ना. मी बोललो, हो चाचा. बोलले, सगळ्या पिक्चरांत? मी बोललो, सगळ्या.

तर बोलले, मला माहीत होतं रे. खोक्यात दारूगोळा असता तर लोक रडले कशाला असते. पण तुमी एवढं मनापासून सांगायचात, मला वाटायचं, चालेल अजून थोडे दिवस.

माझ्या डोळ्यात पाणी आलं, आता पण येतंय बघा.

दुसऱ्या दिवशी चाचा ऑफिसात गेले. क्लार्क बोलला, रजा मफी, नाय मिळणार, रजेचे पैसे घेतलेत तुमी. चाचा तिथंच उभे, हलेनात, बोलेनात, पार मुका झाला माणूस. आत बहरीनी फोरमन होता, म्हातारा, त्यानं विचारलं काय झालं, चाचा एवढंच बोलले, आय आहे अजून. फोरमननं कागद पुढं ओढला, सही केली आणि बोलला, यल्ला, जा. रंगाचं काम बेननं आणि मी मिळून ओढलं, कसं ओढलं ते विचारू नका, अर्धा रंग पाइपाला आणि अर्धा आमाला.

चाचा पोचले. आयशीनं ओळखलं, पयलं काय विचारलं तर जेवलास का. पुढं रमजान तिनं त्यांच्या सोबतीत काढला, ईद झाली आणि गेली. शेवटचं पाणी चाचांच्या हातचं, खांदा चाचांचा.

परत आले तेवा मिठाई नाय, फणसाचे गरे सुकवलेले घेऊन आले, आयशीनं सांगून सुकवून घेतलेले. जुम्म्याला बेनच्या खोलीत बसलो. चाचा बोलले, ती खोक्याची कॅसेट लाव, आणि आता नीट सांग. मी सांगितली. आय मेली. बेननं सवयीनं रिमोट उचलला, तर चाचांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. पेटी आली, मेणबत्त्या आल्या, आणि दाऊदचाचांनी दोन्ही हात वर करून त्या पिक्चरमधल्या बाईसाठी दुवा मागितली. आमी पण मागितली. बेननं छातीवर क्रूस केला.

आता चाचा नाय राहिले. बेन कुठल्या मुलखात आहे कोणास ठाऊक, शेवटचा फोन केला तेवा बोलला, लोक मुक्याला शिव्या घालतात, निवडून आला आणि काय काम केलं नाय, परत उभा राहिला तेवा पडला. असेल, पुढाऱ्यांचं काय आमी नवीन बघतोय. पण जे काम त्यानं कबूल पण केलं नव्हतं तेवढं एक आमच्या खोलीचं करून गेला. माझं मत तिथं चाललं असतं तर मी त्यालाच दिलं असतं.

बस, एवढंच. अल्ला तुमाला उदंड ठेवो. तुमची आय आहे ना? मग चहा घ्या आणि निघा, उजेडी पोचाल.